रोज एक अक्षर

बसा असे जवळ. निळ्या डोंगराखाली एक फुलमळा होता. तिथल्या इवल्याशा झोपडीत बकुळा आत्याजवळ राहायची. परकराला सात ठिगळं, पोटाला अर्धी भाकरी. आई दूर गावी सूत कातायला गेलेली. तिचं पत्र आलं, तर पोस्टमननं त्यावर नजर फिरवली, आई खुशाल आहे म्हणाला नि सायकल दामटली. बकुळानं आणखी चार जणांना विचारलं. जो तो वरवर बघून तेच सांगायचा. शेजारची पारू तर चिडवायची, कागद तुझा, डोळे पोस्टमनचे!

एका सोनेरी सकाळी गुलाबाच्या काट्यांत काहीतरी चमचमलं. बोटाएवढी परी, केशरी पंख अडकलेले. बकुळानं स्वतःचे हात ओरबाडून घेतले, पण ते नाजूक पंख फाटू दिले नाहीत.

परीनं दोन इच्छा मागायला सांगितल्या.

"आईचं पत्र माझं मला वाचता यावं," बकुळा म्हणाली.

"येईल. रोज एक अक्षर देईन. सूर्य मावळायच्या आत ते दुसऱ्या कुणाला शिकवायचं. नाहीतर उडून जाईल."

परीनं पाटीवर मऊ धूळ पसरली, बकुळाचं बोट धरून फिरवलं, आणि पहिलं अक्षर जांभळं लकाकलं. मग रोज एक. कधी धनगराच्या सोनाला, कधी कुंभाराच्या जुळ्यांना बकुळा ते देऊन यायची. मी पुष्कळ बाजार पाहिले, पण देऊन वाढणारा माल हा एवढाच.

शेवटच्या अक्षराच्या दिवशी सगळी पोरं जत्रेला गेलेली. घरी होती फक्त तापानं निजलेली पारू. बकुळा पाटी घेऊन गेली, तशी पारूनं भिंतीकडे तोंड केलं.

"मला एकही येत नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर तुला चिडवत होते."

नुसतं शेवटचं अक्षर घेऊन पारू काय करणार? बकुळानं पहिल्यापासून सुरुवात केली. दहाव्यापर्यंत आल्या आणि सूर्य बुडाला.

बकुळा रडतच घरी आली. पत्र उघडलं, तर सगळी अक्षरं ओळखता आली, शेवटचंसुद्धा.

"नियम मोडला, पण पारूला पहिल्यापासून शिकवलंस," परी म्हणाली. "आता सगळी अक्षरं कायमची तुझी."

बकुळानं बोट ठेवत वाचलं. शेवटी लिहिलं होतं, हे शेजारणीनं लिहिलंय, पोरी. मनातलं परक्या हातानं कसं सांगू?

"परी, आईला अक्षरं दे."

"ती तूच द्यायचीस. मी फक्त आईला आणते."

परी लख्ख उजळली आणि त्या मोतिया उजेडातच विरून गेली. दारात आई उभी होती.

बकुळानं धूळ पसरली, आईचं खरखरीत बोट धरलं आणि तिच्या नावाचं अक्षर काढायला घेतलं.

"माझं राहू दे," आई म्हणाली. "आधी तुझं नाव शिकव."