खूण नसलेलं पान

पुस्तकं आपसांत बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पुस्तकात पानोपानी जुन्या विद्यार्थ्यांनी पेन्सिलीनं ‘परीक्षेला हमखास’ असं लिहिलं होतं. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलांविषयीच्या पानावर मात्र काहीच नव्हतं.

“तुला कोण विचारतंय? गुपचूप चिकटून बस मला!” शेजारचं पान हसलं.

बी.एड. करणारी अस्मिता ते पुस्तक घेऊन अभ्यासाला बसली, तेव्हा ते खूण नसलेलं पान खरंच लाजून चिकटून राहिलं. ती पास झाली, शिक्षिका झाली.

दोन वर्षांनी ती ग्रंथालयात आली. तिच्या वर्गातल्या अबोल कोमलनं शाळा सोडली होती. अस्मितानं नखानं ते पान सोडवलं, वाचलं. “अरे देवा, हे तेव्हा दिसलं असतं तर!”

मी इथंच होते, असं पानाला सांगावंसं वाटलं. पण ते सांगून कोमल थोडीच परत येणार होती?