ठकूबाईचं पिवळं लोणी

फार मागची गोष्ट, करंजखिंडीला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हाची. त्या गावात ठकूबाई गवळण राहायची. म्हातारी, एकटी, पदरी दोन गायी. महादेवाच्या नंदादीपाला तूप तिच्याच घरचं जायचं. आयुष्यात तेवढा एकच मान तिच्या वाट्याला आला होता.

एका वर्षी पाऊस रुसला आणि डोंगर करपला. ठकूबाईने गायींपुढे कडबा आणि सरकी टाकली. मग तूप पांढरंफटक झालं आणि दगडासारखं थिजलं. दादू गुरवाने ते बोटाने चाचपलं आणि देवळाच्या पायरीवरूनच ओरडला, "म्हातारे, द्येवाला चरबी घालतीस व्हय?"

गाव मोठं शहाणं! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तूप परत पाठवलं.

ठकूबाईला भांडायचंही त्राण नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "म्या काय बी मिसळलं न्हाई. गाईच्या पोटात जे जातं, तेच लोण्यात उतरतं. दावते."

ती दूरच्या घळीत जाऊ लागली. झऱ्याकाठी तिथेच काय ते हिरवं गवत उरलं होतं. रोज भारा डोक्यावर घेऊन ती कडा चढायची. एका गायीला ते गवत, दुसरीला सरकीच. बघायला सगळं गाव, भाऱ्याला हात लावायला कोणी नाही. तिची दशा बघून कडाच खाली बसायचा आणि ती वर आली की उठायचा, असं म्हणतात.

शेवटी तिने देवळापुढे दोन्ही गायींचं ताक वेगवेगळं घुसळलं. सरकीवालीचं लोणी पांढरं, घट्ट. गवतवालीचं हळदीसारखं पिवळं, बोट लावताच मऊ. गुरवाने वाकून तिचे पाय धरले.

"चुकलं, आई. उद्यापासनं तूप तुझंच."

"आता मान नगं, लेका," ठकूबाई म्हणाली. "लई दमले. निजू द्या मला."

गोठ्यातल्या वाळक्या गवतावर ती आडवी झाली, ती उठलीच नाही. सकाळी तिच्या अंगाखालचं गवत हिरवंगार झालं होतं, असं म्हणतात. खरं-खोटं महादेव जाणे. बाई दमून मेली, एवढं मात्र खरं.

करंजखिंडीत आजही तूप घ्यायला आलेला माणूस आधी गव्हाणीत वाकून बघतो, मग भांड्यात. आणि वर्षातून एक दिवस, ठकूबाईच्या नावाने, गावातले पुरुष घळीतून गवताचे भारे डोक्यावरून आणतात. त्या दिवशी बाया हव्या तेवढ्या झोपतात. उन्हं डोक्यावर आली तरी त्यांना कोणी उठवत नाही.