अंगावर रंगवलेला नंबर

फोनचे पडदे नुकतेच बोलू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका रुग्णालयाच्या वेबसाइटवर रुग्णवाहिकेचं चित्र ऐटीत बसलं होतं. फोन नंबर त्याच्या अंगावरच रंगवलेला होता.

एका साध्याच दुपारी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज चित्राकडे धावत आला. "दृष्टिहीन भार्गवकाकांनी साइट उघडलीय. काकू कोसळल्यात, श्वास अडकतोय. लवकर नंबर सांग!"

"एवढा ठळक तर आहे. आंधळा आहेस का?" चित्र म्हणालं.

"आहेच, बाबा. मी फक्त टाइप केलेलं वाचतो."

चित्र घाबरलं. "अरे, पुन्हा बघ ना!"

आवाजाने काकांना पुन्हा तेवढंच ऐकवलं, "चित्र." काकांचं बोट पडद्यावर फिरत राहिलं. काकूंचा श्वास ऐकू येईनासा झाला.

चित्राखाली नंबर टाइप करायचा राहून गेला होता.