खेकडीचे गाळलेले पाणी

दाट झाडीच्या एका जंगलात, ओहळाच्या लहानशा डोहात, एक खेकडी राहत असे. बाळांनो, खेकडी आपली पिल्ले पोटाखालच्या झडपेत सांभाळते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता झाले. ही खेकडी तर पिल्लांना इतकी जपे की शेजारणींना हसू यावे. पिल्लांचे पोटाखालून उतरायचे दिवस जवळ आले, तसा तिला एकच घोर लागला. ओहळाचे पाणी गढूळ होते. मसुरीच्या डाळीएवढी पिल्ले त्यात दिसायची कशी? आणि दिसली नाहीत, तर डोहातला मोठा मासा ती कधी गट्टम करील, याचा पत्ताही लागायचा नाही.

डोहाच्या वरच्या अंगाला दोन खडकांमधल्या फटीतून पाणी येत असे. खेकडीने त्या फटीत पाला, मुळ्या, गवताचे झुबके आणि वाळू ठासून भरली. आठ दिवस ती नांग्या दुखेस्तोवर राबली. मग पाणी पाझरून येऊ लागले, बारीक गाळ मागेच अडला आणि तळाचा खडान् खडा दिसू लागला. पिल्ले उतरली, दगडांवर पसरली. खेकडी कडेला बसून सगळ्यांवर नजर ठेवी आणि मोठा मासा नुसता वळला तरी नांगी उगारून धावे. तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही, आणि तोऱ्यालाही.

पंधरा-वीस दिवसांत हिरवे दगड पांढुरके पडले. पिल्ले दिवसभर दगड खरवडत, पण तोंडाला काही लागत नसे. ती वाढेनात, पुढे पुढे तर हलेनात. “अजून कुठून तरी घाण येतेय,” असे म्हणून खेकडीने फटीत आणखी वाळू कोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू उताणे पडलेले तिला दिसले. पाणी नितळ होते, त्यामुळे लांबूनही अगदी स्पष्ट दिसले.

त्याच सकाळी डोहातली म्हातारी गोगलगाय खडक चढून वर निघाली होती.

“आजी, कुठं निघालात?” खेकडीने रडवेल्या आवाजात विचारले.

“फटीच्या पलीकडं. इथं चाटायला काही उरलं नाही, पोरी.”

“अहो, पण पाणी किती स्वच्छ झालंय!”

“झालंय खरं. माझं पोट मात्र रिकामं आहे. वरच्या रानात पानं कुजतात. त्यांचा कस मातीच्या बारीक बारीक कणांना चिकटतो आणि कणांबरोबर वाहत इथवर येतो. त्याच्यावर दगडावरचं शेवाळ पोसतं आणि शेवाळावर आपण. ते सगळं तू तिकडंच अडवून ठेवलंयस. खोटं वाटत असेल तर ये, बघ.”

खेकडी वर चढली. पलीकडे पायाला तळ लागू नये इतका मऊ गाळ साचला होता आणि त्यात बेडकाची पिल्ले टम्म पोटांनी लोळत होती. आपल्याच नांग्यांनी आपण पिल्लांच्या पुढचे ताट ओढले, याचे तिला फार वाईट वाटले. फट मोकळी करावी, तर पिल्ले नजरेआड होणार आणि मोठा मासा तर डोहातच फिरत होता. तरीही तिने पहिली मुळी उपसली, मग दुसरी. दुपारपर्यंत फट मोकळी झाली आणि गढूळ पाणी डोहात उतरले. बघता बघता पिल्ले त्यात दिसेनाशी झाली.

काही दिवस गेले. एकदा मोठा मासा डोहात चार घिरट्या घालून खेकडीपाशी आला. तो चांगलाच कंटाळलेला दिसत होता.

“काय खेकडीताई, पोरं दिसत नाहीत कुठं?”

खेकडीने कानोसा घेतला. साऱ्या दगडांवरून खरवडल्याचा बारीक आवाज येत होता.

“दिसायची नाहीत,” ती म्हणाली, “जेवायला बसलीत.”

तात्पर्य : आपल्या डोळ्यांना जो मळ वाटतो, तो कोणाचा तरी घास असू शकतो, म्हणून वाहते काही अडवण्याआधी ते काय घेऊन येत आहे, ते पाहावे.