रेडिओच्या खोक्यातले पिंगळे

ज्या काळी रेडिओ ऐकायला शेजारपाजार जमायचा, त्या काळातला एक रेडिओ म्हातारा होऊन मुका झाला. त्याचा मालकही त्याच सुमारास गेला. मागे राहिलेल्या द्वारकाबाईंनी रेडिओचा लाकडी खोका परसातल्या कडुनिंबाला टांगला. निदान पाखरं तरी येतील, म्हणाल्या.

पिंगळ्यांची जोडी आली. घुबडाची जात अशुभ म्हणून गावाने नाकं मुरडली, पण बाईंना बरं वाटलं. रोज दिवेलागणीला खोक्यात किचकिचाट सुरू झाला, की त्या तांदूळ निवडता निवडता ऐकत बसत.

मग एके दिवशी आवाज थांबला. दुसऱ्या दिवशीही खोका गप्पच. बाई धुण्याच्या दगडावर चढल्या आणि त्यांनी हात उगारला. पूर्वी रेडिओ बंद पडला, की घरात सगळे त्याला अशीच थाप मारायचे.

"बाई, थांबा," खोका म्हणाला. "आत अंडी आहेत. आई त्यांच्यावर बसलीय, म्हणून गप्प आहे. थाप बसली तर दोघं उडून जातील, ती परत यायची नाहीत."

"मग मी काय ऐकायचं?"

बाई हात आवरून खाली उतरल्या.

पुढे पिल्लं झाली, मोठी झाली आणि एका संध्याकाळी सगळी उडून गेली.

"बाई, आता मारा थाप," खोका म्हणाला. "आता कुणी घाबरायचं नाही."

बाई दगडावर चढल्या. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, आणि अंधार पडेपर्यंत तो तसाच राहू दिला.