तिसऱ्या पेराखालची खाच

"माझे बोरू तुमच्या भात्यात कसे आले?"

तेरसिंगने पाच बाण बाबासमोर टाकले. टाकले कसले, आपटलेच.

वाहऱ्या बाबा अंगणात निखाऱ्यांपाशी बसला होता. त्याने आधी बाणांकडे पाहिलं, मग तेरसिंगकडे.

"आज 'तुम्ही' म्हणतोस?"

सातपुड्यातल्या त्या पाड्यात बापालाही 'तू' म्हणतात. 'तुम्ही' म्हणतात ते कचेरीतल्या साहेबाला. म्हणजे ज्याचा भरवसा नाही, त्याला.

"विषय बदलू नका."

"नाही बदलत. बस."

तेरसिंग बसला नाही.

वाहऱ्या बाबा बाण करायचा. नदीकाठी बोरूचं, बाणाच्या काड्या देणाऱ्या वेताचं रान होतं आणि बावीस वर्षं त्याची राखण बाबाकडे होती. तोडणी कधी करायची, कोणी किती बोरू न्यायचे, हे तो ठरवणार आणि सात पाडे ऐकणार. पण हे राखणदारपण जन्माचं नव्हे. फाल्गुनात एक दिवस पळसाला सुका भोपळा टांगतात. स्वतः केलेल्या बाणाने जो भोपळा फोडेल, रान त्याच्याकडे जातं.

बावीस वर्षांपूर्वी बाबाने ते ज्याच्याकडून घेतलं, तो तेरसिंगचा बाप.

आणि हा तेरसिंग बाण शिकायला आला तो बाबाकडेच. दुसरं शिकवणारं होतं कोण? बाबानेही त्याला एका शब्दाने काही विचारलं नाही. ये म्हणाला. तिथेच तेरसिंगला पहिली शंका आली. आपण ज्याला हरवलं त्याच्या मुलाला कोणी इतक्या सहज घरात घेतं?

निघताना बापाने बजावलं होतं, "त्याच्या घरची भाकर खा. पण बोरूवर डोळा ठेव. माझा नेम चुकणारा नव्हता."

भोपळा उद्या टांगायचा होता.

"पौषात आपण दोघांनी बोरू तोडले," तेरसिंग म्हणाला. "एकवीस तुम्ही, एकवीस मी. खरं ना?"

"खरं."

"त्यातले सगळ्यांत सरळ पाच मी हेरून ठेवले. त्यांच्यावर खूण केली. तिसऱ्या पेराखाली, सुरीने. एवढीशी."

त्याने करंगळीचं नख दाखवलं.

"का केलीस?"

"तुम्ही चोराल म्हणून."

असं तोंडावर म्हणायला छाती लागते. तेरसिंगला ती होती. फक्त ती नको तिथे वापरायची सवय होती.

बाबाने चिमट्याने निखारा सारखा केला.

"पुढे?"

"दोन्ही भारे तुमच्या चुलीवर टांगले. दोन महिने धूर खात होते. चूल तुमची, घर तुमचं. मी झोपायचो ओसरीत. भारे खाली उतरले तेव्हा माझ्या भाऱ्यात बोरू एकवीसच होते, पण खूण एकावरही नव्हती."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"पुरावा नव्हता. आता आहे."

त्याने पायाने एक बाण पुढे सरकवला. पिसं बांधलेली, पातं बसवलेलं, लखलखीत काम. फक्त तिसऱ्या पेराखाली काजळी पुसली गेली होती आणि तिथे नखाएवढी खाच उघडी पडली होती.

"तुमच्या पाच बाणांना मध्येच दोरा गुंडाळलेला दिसला. बाणाला मध्ये दोरा कशाला? म्हटलं, उलगडून बघू. पाचही उलगडले. पाचही माझे निघाले."

"दोरा लाखेत बुडवलेला होता," बाबा म्हणाला. "उलगडायला वेळ लागला असेल."

"दुपार गेली."

"हं."

...

बाबाचं हे 'हं' तेरसिंगच्या डोक्यात गेलं. नाही म्हणावं, शपथ घ्यावी, रागवावं तरी. माणूस खोटं बोलला म्हणजे निदान पकडता येतो. हा तर काहीच बोलत नव्हता.

"घेतले की नाही?"

"घेतले."

"खाच बघून घेतले?"

"खाच बघूनच घेतले."

"आणि त्यांच्या जागी मला कुठले दिलेत?"

"माझे."

"म्हणजे टाकाऊ!"

"उडवून पाहिलेस ना?"

तेरसिंगने पाहिले होते. आठ दिवस तो त्या बाणांनी नेम धरत होता. साठ पावलांवरून वाळकं शेण म्हणू नका, बाभळीची शेंग म्हणू नका, जे दिसेल ते टिपत होता. बाण दोरीवरून निघाला की वाट माहीत असल्यासारखा जायचा.

पण संशयाला चांगली गोष्टही पुरते.

"मग यात नक्की काहीतरी आहे," तो म्हणाला. "उद्या चार लोकांत काहीतरी होणार. आठ दिवस नीट चालतील आणि नेमके उद्या फसतील. माझ्या बापाचंही असंच झालं असेल."

बाबाने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. थकवा होता, आणि थोडी ओळख होती.

"काय हवं तुला?"

"माझे पाच बोरू."

"समोर आहेत. घे."

तेरसिंग वाकला, पण घेतले नाहीत. इतक्या सहज देतो म्हणजे...

"तुम्हीच एक मारून दाखवा," तो म्हणाला.

...

अंगणात कोंबडी उकरत होती. बाबाने तिला हाकललं. गुडघ्यावर हात टेकून उठला, कुडाला टेकवलेली कामठी, बांबूचं धनुष्य, घेतली. मग खाली पडलेला एक बाण उचलला, खाच असलेला, दोरा नसलेला.

बाण लावण्याआधी तो कानाशी न्यायचा, दोन्ही टोकांना धरून जरासा वाकवायचा आणि ऐकायचं. भारे चुलीवरून उतरले त्या दिवशीचा हा पहिला धडा. चांगला बोरू मुकाट वाकतो. आतून चिरलेला बोलतो. बोलणारा बोरू कधी सोडायचा नाही. सुटता सुटता तो मोडतो, आणि मागचा तुकडा कामठी धरलेल्या हातात शिरतो.

बाबाने बाण कानाशी नेला. वाकवला.

करर्र.

तेरसिंगला चार हातांवरून ऐकू आलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"चिरलाय," बाबा म्हणाला. "सुरीने साल तुटली. धुरात वाळताना चीर आत गेली. पाचही असेच आहेत."

तोडणीच्या दिवशी बाबाने सांगितलं होतं, बोरूला कोयता बुडाशी एकदाच लावायचा, वर सुरी लावायची नाही. कारण सांगितलं नव्हतं. तेरसिंगला तेव्हा वाटलं होतं, कारणच नसेल.

आता कारण समोर होतं. तरी त्याचं मन मानेना. म्हातारा वाकवायच्या निमित्ताने मुद्दाम चिरत तर नसेल? बोटं किती तयार आहेत त्याची.

"मग उद्या हे तुम्ही कसे मारणार होता?" त्याने विचारलं. त्याला वाटलं, सापडला.

"दोरा बांधून."

"दोऱ्याने चीर थांबते?"

"थांबली तर थांबते."

"दुसरे बोरू घ्यायचे!"

"कुठून? माणशी एकवीस. वर्षातून एकदाच. ही रीत मीच राखतो ना? माझ्या भाऱ्यात चांगले पाचच होते. बाकीचे वाकडे. म्हातारा झालो, तोडताना डोळा चुकतो."

बाबाने बाण दोरीला लावला.

तेरसिंग हसला. थोडासाच. सोडणार नाही हा. घाबरवतोय.

बाबाने दोरी ओढली. कामठी वाकली. दोरी छातीपर्यंत आली, हनुवटीपर्यंत आली. म्हाताऱ्याचा डावा हात जराही हलत नव्हता. कोंबडी लांब जाऊन उभी राहिली. बाबा समोरच्या मोहाच्या खोडाकडे बघत होता, तेरसिंगकडे नाही. घाबरवणारा माणूस आपण घाबरलो की नाही ते बघतो. हा बघतच नव्हता.

दोरी कानापर्यंत आली.

"बाबा, नको!"

तेरसिंगने पुढे होऊन त्याचा डावा हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

बाबा तसाच उभा. दोरी ताणलेली.

"का? बाण माझा आहे की तुझा?"

"माझा."

"चीर कोणाची?"

"माझी... माझीच. सोडू नकोस."

'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

बाबाने दोरी हळूहळू सैल केली. बाण काढला, गुडघ्यावर मोडला आणि निखाऱ्यांत टाकला. बाकीचे चारही टाकले. पिसांचा जळका वास अंगणभर पसरला.

तेरसिंग आता बसला. त्याला लाज वाटत होती, आणि ती लपवावी असंही वाटत नव्हतं.

तो म्हणाला, "तुला पौषातच कळलं होतं?"

"त्याच दिवशी. भारा बांधताना बोटाला लागली खाच."

"मग बोलला का नाहीस? एकदा सांगितलं असतंस, असं करू नको, हाताला लागेल... मी ऐकलं असतं."

बाबाने कामठी कुडाला लावली. मग डावा हात तेरसिंगपुढे उघडला. अंगठ्याच्या बुडाशी जुना वण होता, आरपार गेलेला. त्या मांसल जागी बोट टेकेल एवढा खळगा होता.

"मला सांगितलं होतं," बाबा म्हणाला.

...

"कोणी?"

"ज्याने मला शिकवलं, त्याने. मीही त्याच्या चुलीवर भारा टांगला होता. मीही खूण केली होती. सांगूनही पटलं नाही, तोच बाण सोडला."

तेरसिंग त्या वणाकडे बघत राहिला. वर्षभर तो त्या हातावर डोळा ठेवून होता. पाणी देताना, बोरू तासताना, भारा बांधताना. हा हात काय लपवतो, एवढंच शोधत होता. वण समोर होता. तो कधी दिसलाच नव्हता.

त्याने ओसरीतून आपला भाता आणला. त्यातले चांगले पाच बाण काढून बाबाच्या पायाशी ठेवले.

"हे तुझे."

"सरळ तू केलेस. पिसं तू बांधलीस. तुझे."

"उद्या तुझ्याकडे काय राहिलं मग?"

"वाकडे."

"भोपळा फुटेल त्यांनी?"

"बघू. तूही बघ. तू ये मात्र. नाही आलास तर तुझ्या बापाला वाटेल, मीच अडवलं."

तेरसिंगने कंबरेची सुरी काढली. आखूड, लाकडी मुठीची. खूण केली होती तीच. ती त्याने निखाऱ्यांत टाकायला हात उचलला.

बाबाने मनगट धरलं. सुरी काढून घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि परत त्याच्याच मुठीत ठेवली. मग तो वणाचा हात त्याच्यापुढे उताणा केला.

"राहू दे. संशय पुन्हा येईल. आला की खूण इथे कर. हा हात एकदा चिरून झालाय."