मुसळाचं मंगलाष्टक

एका गावात गोदाकाकू नावाच्या एक बाई होत्या. स्वभावानं इतक्या भिडस्त, की पानात मीठ वाढायचं राहिलं तर अळणी जेवतील, पण मागणार नाहीत.

त्यांच्या पुतणीचं लग्न ऐन वैशाखात निघालं. नवरदेवाचे मामा दिगंबरराव नव्याकोऱ्या मोटारीतून आले. सोबत त्यांचा लाडका कुत्रा बंड्या. मांडवात कुत्रा कसा न्यायचा? मामांनी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली, काच बोटभर उघडी ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. "मंगलाष्टकं संपली की आलोच," असं बंड्याला सांगून ते मानानं नवरदेवामागे जाऊन उभे राहिले.

पण मंगलाष्टकं कसली लवकर संपतायत! भटजींची झाली, मग मावशीनं स्वतः रचलेलं म्हटलं, मग आत्यानं, मग नवरीच्या मैत्रिणींनी. जिच्या हाती माइक जाई, ती तो सोडेना. इकडे सूर्य सरकला आणि गाडीवरची सावलीही सरकली.

पुढची पाळी गोदाकाकूंची होती. धास्तीनं घशाला कोरड पडली, म्हणून त्या पाणी प्यायला बाहेर आल्या. पाहतात तो गाडीत बंड्या आडवा पडलेला. भुंकण्याचंही त्राण नाही, तोंडातून लाळ गळतेय, डोळे तारवटलेत.

त्या धावत जाऊन मामांच्या कानाशी लागल्या. "मामासाहेब, किल्ली द्या. कुत्रा जातोय हो!"

"सावलीत आहे तो. काचही उघडी आहे," मामा पुटपुटले. "मंगलाष्टकं चालू असताना मी हलू कसा?" आणि त्यांनी तोंड फिरवलं.

वरपक्षाचा मामा रुसला तर पोरीचं लग्न अडायचं. पण तिकडे काचेआड एक जीव चालला होता.

मांडवाच्या दाराशी, लग्नाचा घाणा भरताना हळद कुटायला वापरलेलं मुसळ उभं होतं, आंब्याची पानं बांधलेलं. काकूंनी पदर खोचला, मुसळ उचललं आणि बंड्यापासून लांबच्या काचेवर असा दणका घातला, की गाडीचा धोक्याचा भोंगा मंगलाष्टकांच्या वर चढला. अख्खा मांडव बाहेर लोटला.

"माझी गाडी!" मामा कडाडले.

काकू बंड्याला मांडवाच्या सावलीत घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्या पोटावर, पायांवर माठातलं पाणी ओतत होत्या. "आधी आतल्या सीटला हात लावून बघा," त्या म्हणाल्या. उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

मामांनी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग तेही मातीत बसून पाणी ओतू लागले.

हळूहळू बंड्यानं डोळे उघडले. शेपटी हलली. त्यानं काकूंचा हात चाटला, तसा मांडवात जल्लोष झाला. लोकांच्या मुठीत अक्षता तशाच होत्या. त्या सगळ्या काकूंवर आणि बंड्यावर उधळल्या गेल्या. मामांनी धाकट्या भावाबरोबर बंड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि काकूंपुढे हात जोडले.

"काकू, चुकलो मी. चला आता, तुमचं मंगलाष्टक राहिलंय."

काकूंनी मुसळ जागेवर ठेवलं. "राहिलं कुठं? माझं मघाशीच म्हणून झालं," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: सावली सरकते आणि उन्हात बंद गाडीची भट्टी होते, म्हणून मुक्या जिवाला तिच्यात थोड्या वेळासाठीही कोंडू नये, आणि जीव वाचवायची वेळ आली, तर कुणाचीही भीड धरू नये.